बोंडांचं सोवळं

आमच्या घरात दिवाळीची सुट्टी म्हणजे कापूस वेचायचे दिवस. फराळ, नवे कपडे, मामाचं गाव हे सगळं मला शाळेच्या पुस्तकातून कळलं. आमच्या गावी, खाप्याला, आमचं स्वतःचं वावर, म्हणजे शेत, नव्हतं, आजही नाही. आई दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जायची, बाबा हंगामापुरते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये. संध्याकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि जेवताना घास कमी, खोकला जास्त. आम्ही बहिणी सकाळी आईच्या मागे कमरेला ओटी बांधून ओळीत उभ्या राहायचो. कापूस मऊ असतो असं ज्याला वाटतं त्यानं तो कधी वेचलेला नसतो. उमललेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात. हंगाम संपेपर्यंत आईच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, भाकर थापताना त्या चिरांत पीठ भरायचं, आणि मिठाला हात लागला की ती नुसता श्वास आत ओढायची. 

मालकांकडे महालक्ष्म्या बसायच्या. आईनं वेचलेल्या कापसातला निवडक कापूस वातींसाठी त्यांच्या घरात जायचा. पण वाती वळून ताटात मांडल्या की त्या ताटाला आईचा हात चालत नसे. आम्ही पायरीच्या खाली उभ्या. एकदा ताट कलंडायला लागलं म्हणून आईनं सहज हात पुढे केला, तर मालकीणबाई ओरडल्या, "हात नको लावू वं! सोवळ्यातलं आहे ते!" आईनं हात मागे घेतला. ताट पडलं. पडलेल्या वाती त्यांनी झटकून पुन्हा ताटात ठेवल्या. अंगणातली माती चालली. ज्या हातानं तो कापूस बोंडातून काढला, तो हात चालला नाही.

आता पुन्हा ऑक्टोबर आला आहे. नागपूरचं हे ऊन पावसाळा संपल्यावर दुसरा उन्हाळा असल्यासारखं डोक्यावर बसतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पात्याफुलांवर आहे. आणि दरवर्षी या दिवसांत माझं डोकं तापतं ते निव्वळ उन्हानं नाही.

परवा एका कार्यशाळेत मला बोलावलं होतं. विषय माझाच: अवघड पिकांच्या पानाफळांतून चांगल्या प्रतीचा आरएनए कसा काढावा. ओळख करून देताना तिथले सर म्हणाले, "वैशालीताईंच्या हाताला आरएनए येतो. देवदत्त हात आहे त्यांचा." टाळ्या पडल्या. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "सर, हाताचं नाव काढू नका." सर हसले. त्यांना वाटलं मी विनयानं बोलते आहे. मी रागानं बोलत होते.

आरएनए म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे राग समजेल. झाडाच्या पेशीत डीएनए असतो, तो दगडावर कोरलेल्या लेखासारखा, टिकतो. आरएनए हा त्या घडीचा निरोप, पाटीवर खडूनं लिहिलेला. आत्ता काय काम चाललं आहे, धागा लांब होतो आहे की जाड होतो आहे, ते त्यावरून वाचता येतं. पण पाटीच ती. ओला हात फिरला की पुसली. आणि माणसाच्या घामात, थुंकीत, कातडीवर हा निरोप पुसणारी द्रव्यं खरोखरच असतात. म्हणून हातमोजे घालायचे, पाणी मुद्दाम तयार केलेलं वापरायचं, टेबल वेगळं ठेवायचं. यात खोटं काही नाही. खोटं त्याच्या पुढे सुरू होतं.

नागपुरातली एक प्रयोगशाळा. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक गोष्ट सोडून नावाचीच चर्चा करतात. एमएस्सी करून मी तिथे एका प्रकल्पावर लागले. कोपऱ्यात आरएनएचं टेबल होतं, त्याच्याभोवती जमिनीवर लाल टेप चिकटवलेली. टेपच्या आत कोणी जायचं ते प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मॅडम, ठरवायच्या. आत चपला चालत नसत, डबा खाऊन आलेला माणूस चालत नसे, आणि शेतातून आलेला तर अजिबात नाही. आधी हातपाय धुऊन ये, मग उभा राहा. पलीकडच्या टेबलावर प्रोटीनचं काम करणारा उमरेडचा मंगेश या जागेला 'देवघर' म्हणायचा. "काहून वं वैशाली, देवघरात प्रवेश भेटला का? प्रसाद बिसाद आन मंग."

प्रवेश भेटला होता, कारण बोंडांचं काम माझ्याकडे होतं. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. सकाळी वावरात जाऊन पिवळ्या फुलाच्या देठाला रंगीत लोकरीचा धागा बांधायचा, म्हणजे पुढे त्या बोंडाचं वय कळतं. आतला तंतू भराभर लांब होतो ते दिवस मोजकेच. ते गेले की पुढच्या हंगामापर्यंत वाट बघायची. मला पुढचा हंगाम नव्हता. माझी नेमणूक तेवढ्यापुरतीच होती. बोंडांचा आरएनए निघाला तर पीएचडीला नाव लागणार, नाही निघाला तर गाठोडं उचलून खाप्याला परत.

वावरात जायला मला आवडायचं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी ज्या वासाला मी तोंड फिरवायची, त्याच पऱ्हाटीच्या वासात मी आता हातात धागे घेऊन फिरत होते, आणि संध्याकाळी माझ्या वेचणीचं कोणी वजन करणार नव्हतं. उन्हात पानांची मागची बाजू चिकट व्हायची. बोंड हिरवं, टणक, काळ्या बारीक ठिपक्यांचं. ते ठिपके म्हणजे झाडाचं विष, किडीला पळवण्यासाठी. पुढे कळलं की ते किडीला पळवतं तसंच आम्हालाही.

वावरातून बोंडं आली की त्यांची आंघोळ असे. हा त्या प्रयोगशाळेचा रिवाज. आधी नळाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं, मग तयार केलेल्या पाण्यानं. मग टरफल सोलायचं, आतल्या ओल्या पांढऱ्या फोडी काढायच्या, त्या पुन्हा त्या पाण्यात बुचकळायच्या आणि टिश्यूवर कोरड्या व्हायला ठेवायच्या. एवढं झाल्यावर लिक्विड नायट्रोजनमध्ये, जो इतका थंड की टाकलेलं पान काचेसारखं फुटतं. माझी सीनियर ऋजुता शेजारी उभी राहून बघायची. "अजून एकदा धू गं. शेतातलं आहे ते." मी धुवायची. तिनं सांगायच्या आधीसुद्धा धुवायची.

मग परदेशी किटचा खोका, त्यातली छापील कृती, आणि शेवटी नळीच्या तळाशी पांढरा ठिपका यायला पाहिजे. माझ्या नळीत यायचा चहाच्या गाळासारखा तपकिरी गोळा. हलवला तर भेंडीसारखी तार धरायचा. एकदा, दोनदा, कितीदातरी. मशीनवर आकडे वेडेवाकडे, आणि ज्या पारदर्शक जेलच्या वडीतून विजेनं आरएनए सरकवून बघतात, तिच्यात सगळा माल सुरुवातीच्या खाचेतच अडकून बसलेला.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. हे लोक आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "वैशाली, वाईट वाटून घेऊ नकोस. आरएनए सगळ्यांच्याच हाताला येतो असं नाही. तुझ्या हाताला घाम खूप. आणि घरचं सगळं शेतमजुरीचं ना? ही जी स्वच्छता लागते, ती अंगात मुरायला एक-दोन पिढ्या जातात. उद्यापासून बोंडं ऋजुता बघेल, तू काचसामान बघ."

एक-दोन पिढ्या. मी 'हो मॅडम' म्हणून बाहेर आले. सांगायचं हे आहे की मी 'हो मॅडम' म्हणाले.

मंगेशनं विचारलं, "काहून गप होऊन बसली वं?" मी सांगितलं. त्यानं थेंब मोजायची पिपेट माझ्यापुढे टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "आमच्या प्रोटीनमंधी ये. इथं कोनी आंघोळ विचारत नाही." मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणे, "पिपेटवर नको रडू, मशीन महाग आहे."

त्या रविवारी बसनं खाप्याला गेले. आई कन्हान नदीच्या बाजूच्या वावरातून वेचून आली होती, पायावर पाणी घेत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना वं बाई. मोठी मानसं आहेत. शिकवून राहिले ना तुले? मंग आयकून घ्या लागते."

मी भडकले. "तू आयुष्यभर ऐकून घेतलंस, काय मिळालं?"

"मंग काय करत होती मी? ताट फेकत होती मालकिनीच्या अंगावर?" आईनं तांब्या खाली ठेवला. "एक सांग मले. खरं सांग. तुले येते का ते काम?"

"येते."

"मंग भांड. रडाले काहून आली इथं? मले भांडाचं येत नव्हतं. तुले शाळा कशाले शिकवली?"

बाबा खाटेवरून म्हणाले, "चांगली शिकवून राहिली, भांडनं!" आई त्यांच्याकडे वळली, "तुमी गप राहा जी. तुमाले खोकला आहे." आणि मग त्यांना खरंच खोकला आला, आणि आम्ही तिघंही हसलो.

काचसामान धुण्याचा एक फायदा असतो. कचऱ्याचे डबेही आपल्याच वाट्याला येतात. आठवडाभरात मी बघितलं, ऋजुतानं टाकलेल्या नळ्यांच्या तळाशी तोच तपकिरी गाळ. तीच तार. पुण्याहून आलेली, दोन पिढ्या प्राध्यापकांच्या घरातली ऋजुता, नखं कापलेली, हात कोरडे ठणठणीत, आणि गाळ तोच. मी तिला विचारलं तर ती निरागसपणे म्हणाली, "अगं, या वेळचं सॅम्पलच खराब आहे." मीटिंगमध्ये मॅडमही हेच म्हणाल्या, सॅम्पल खराब आहे.

तिथे माझं डोकं फिरलं. तिचा आला नाही तर सॅम्पल खराब. माझा आला नाही तर हात खराब. बोंडं एकाच तासातली, म्हणजे एकाच ओळीतली, धागे मीच बांधलेले.

राग आला की माणूस विचार करत नाही म्हणतात. मी त्या रागानंच पहिल्यांदा नीट विचार केला. हाताच्या घामानं बिघडलेला आरएनए तुटतो, त्याचे तुकडे होतात. जेलमध्ये ते तुकडे वरून खालपर्यंत धुरासारखे पसरतात. आमचा तर खाचेतून बाहेरच येत नव्हता. तपकिरी होता, चिकट होता. ही पुसलेली पाटी नव्हती, पाटीवर कोणीतरी गूळ ओतला होता. आणि गूळ माझ्या हाताला नव्हता. बोंडातच ती साखर, तेच काळ्या ठिपक्यांतलं रसायन. चिरलेलं वांगं ताटात राहिलं की काळं पडतं, हे मला कोणी विद्यापीठात शिकवलं नव्हतं. आम्ही तर बोंड सोलून, बुचकळून, टिश्यूवर वाळत घालत होतो. शुद्ध करायच्या नादात नासवत होतो. जितकी आंघोळ जास्त, तितका गाळ जास्त. आणि गाळ दिसला की पुन्हा सांगायचं, अजून धू.

या विषयातले लोक कापसाला, संत्र्याला, आंब्याला 'अवघड' पिकं म्हणतात. सोपं काय, तर मोहरीच्या जातीचं एक परदेशी तण, जे कोणी पेरत नाही, खात नाही, नेसत नाही. त्याच्यावर बसवलेली कृती खोक्यात भरून आमच्याकडे येते, आणि आमच्या झाडाला लागू पडली नाही की दोष झाडाचा. झाड उन्हात उभं राहतं, किडीला तोंड देतं, म्हणून त्याच्या अंगात कडूपणा भरलेला असतो. त्याला अवघड म्हणणारा माणूस कधी त्या उन्हात उभा राहिलेला नसतो. मला हा शब्द वाचला की आजही चीड येते. अवघड? कोणाला अवघड?

मी प्लास्टिकच्या कपात मूठभर गहू उगवले. कोवळी पाती आली. किटमध्ये उरलेलं थोडं घेऊन, याच हातांनी, लाल टेपच्या बाहेर, मंगेशच्या टेबलावर काम केलं. जेलमध्ये अखंड आरएनएचे दोन स्वच्छ पट्टे आले, जसे पुस्तकात छापतात तसे. मंगेश म्हणाला, "देवघराबाहेर देव भेटला वं!"

जेलचा फोटो घेऊन केबिनमध्ये गेले. ऋजुता तिथेच होती.

मॅडम म्हणाल्या, "गव्हाचा काय, कोणालाही येतो."

"कोणालाही म्हणजे मलाही, मॅडम. म्हणजे माझा हात आरएनए तोडत नाही. मग बोंडाचा का येत नाही? आणि ऋजुताचा तरी कुठे आला?"

ऋजुतानं मान खाली घातली. मॅडमनी चष्मा काढला. "कोणाशी बोलतेयस, याचं भान ठेव."

"भान ठेवूनच बोलते आहे. मला बोंडं परत द्या. धुतलेली नको. मी वावरातच गोठवून आणते."

"नायट्रोजन वावरात? मातीत? धुळीत?"

"हो. धुळीत."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "धागे बांधलेली शेवटची झाडं राहिली आहेत ना? तेवढी घे. नाही आला, तर हा विषय संपला आणि तुझं इथलं कामही."

मंगेशच्या गाडीवर नायट्रोजनचा लहान कॅन मधे ठेवून आम्ही गेलो. कॅनचं झाकण उघडलं तशी ऑक्टोबरच्या उन्हात पांढरी वाफ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, लोळायला लागली. शेजारच्या तासात पहिला वेचा चालला होता. एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वं पोरी, कुल्फी इकाले आली का?" मी म्हटलं, "हो मावशी, बोंडाची कुल्फी." "दे मंग एक. ऊन काय मरनाचं आहे!" सगळ्या खिदळल्या. मी हातमोजे चढवले, झाडावरून बोंड तोडलं, जागेवरच फोडलं आणि फोडी सरळ वाफेत सोडल्या. पाणी नाही, स्पिरिट नाही, टिश्यू नाही. तडतड आवाज आला आणि फोडी जशा पांढऱ्या होत्या तशाच गोठल्या. पांढऱ्या. मी त्या कितीदा बघितल्या कॅनमध्ये वाकून.

पुढचं काम माझी जादू नव्हे. साबणासारखं एक रसायन घातलेला गरम द्राव, भरपूर मीठ, काळेपणा धरून ठेवणारी एक भुकटी आणि सडक्या अंड्याचा वास असलेलं एक औषध. मग क्लोरोफॉर्मनं दोनदा धुणं, आणि शेवटी साखर वरच ठेवून फक्त आरएनए खाली बसवणारा एक क्षार. हे सगळं जुन्या शोधनिबंधांत सुटं सुटं छापलेलं होतं. मी ते वाचलं, कापसाच्या बोंडासाठी प्रमाण बदललं, वेळा बदलल्या. आमच्याकडे आधी कोणी वाचलं नव्हतं, कारण एकदा हात दोषी ठरला की वाचायची गरजच उरत नाही.

वास इतका सुटला की मजल्यावरचे लोक खिडक्या उघडायला धावले. "कोन मेलं वं?" मंगेश नाकाला रुमाल लावून.  मी नळी उजेडाकडे धरली होती. तळाशी ठिपका होता, मिठाच्या खड्याएवढा, पांढरा.

जेलमध्ये दोन पट्टे. मॅडमनी फोटो बघितला, परत दिला. "पुन्हा करून दाखव." केलं. "अजून एकदा." केलं. मग मीच म्हणाले, "आता ऋजुता करेल. मी बाजूला उभी राहीन, एका शब्दानं सांगणार नाही. कागदावर कृती लिहून दिली आहे." हे मी मुद्दाम म्हणाले. माझ्या एकटीच्याच हाताला आला असता तर उद्या तेच लोक म्हणाले असते, हिच्या हाताला गुण आहे. आणि गुण म्हणजे दोषाचाच सख्खा भाऊ; दोन्ही वेळा डोक्याचं श्रेय कोणी देत नाही.

ऋजुतानं केलं. नळी वर धरून ती लहान पोरीसारखी ओरडली, "वैशाली, आला गं!" मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी तेव्हा केबिनमध्ये बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, हवं होतं." तिच्यावर माझा राग राहिला नाही.

मॅडम कधीच काही म्हणाल्या नाहीत. प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं, 'नमुना गोळा करण्याची व निष्कर्षणाची पद्धत सुधारण्यात आली.' सुधारण्यात आली. कोणी सुधारली, कशामुळे सुधारावी लागली, काही नाही. एक-दोन पिढ्यांचं वाक्य कुठे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे खोडायचीही सोय नव्हती. असली वाक्यं तोंडीच बोलतात. म्हणून मी ते इथे लिहून ठेवलं.

लोक मला सांगतात, झालं गेलं विसर, तुझं तर चांगलंच झालं. चांगलं झालं ते त्या वाक्यामुळे नाही झालं, त्याच्या छातीवर पाय देऊन झालं. माझ्याआधी त्या काचसामानाच्या बेसिनपाशी कोण कोण उभं होतं, मला माहीत नाही. किती जणी 'हो मॅडम' म्हणून गावी परत गेल्या, त्यांचे हात तिथे कसे खराब ठरवले गेले, हे कोणत्याच अहवालात येणार नाही. त्यांच्या वाट्याचा रागही मीच करते. कोणीतरी करायला पाहिजे.

त्या हंगामातल्या बोंडांचा आरएनए निघाला, अखंड आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांना पुरेल इतका. त्याच कामावर मी पीएचडी केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज त्या प्रयोगशाळेत कापसाच्या बोंडाचा आरएनए माझ्या पद्धतीनं काढतात.